कोथरूडचा फ्लॅट, एडिसनची ताई आणि चुकीचा एक टक्का

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. एक निवृत्त मुख्याध्यापक रबरबँड लावलेली प्लास्टिकची फाइल घेऊन आमच्या सीए ऑफिसात आले. सून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. तिने नोव्हेंबरमध्ये कोथरूडला जुना फ्लॅट विकत घेतला होता आणि तिचे मुखत्यार म्हणून सह्या यांनी केल्या होत्या. फाइल अशी लावलेली, की आमच्या आर्टिकलच्या पोरांनी बघून शिकावं. करारनामा, सूची क्रमांक दोन, मुद्रांकाचं चलन, सोसायटीचं पत्र, प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख.

"सगळं झालंय हो," सर म्हणाले, "टॅक्ससुद्धा भरलाय. पण परवा विकणाऱ्यांपैकी धाकट्या भावाच्या सीएचा फोन आला. म्हणतो, तुम्ही कर कमी कापलात. आता आम्ही घेणारे. पैसे आम्ही दिले, आणि कर आम्ही कमी कापला म्हणजे काय?"

इथून ते प्रकरण सुरू झालं. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, दोन-तीन फाइलींचे धागे एकत्र शिवले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. आयकराचे मुद्दे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे, म्हणजे १९६१ च्या कायद्याचे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले. जुनी फाइल मात्र जुन्याच कलमांनी चालते.)

आधी व्यवहार काय होता ते बघू. सरांची सून, म्हणजे आमच्या ताई, मूळच्या सांगलीच्या. काही वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, भारतीय पासपोर्ट जमा केला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) काढलं. नवरा ग्रीन कार्डवर, पासपोर्ट अजून भारताचा. फ्लॅट एक कोटी दहा लाखांचा, एकरकमी. विकणारे दोन सख्खे भाऊ, वडिलांकडून वारशाने आलेला फ्लॅट, दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी ५५ लाख. ताईंनी एक कोटी वीस लाख रुपये अमेरिकेतून आपल्या एनआरई बचत खात्यात (अनिवासींचं, परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) पाठवले आणि तिथून सगळे पैसे दिले. फ्लॅट एकट्या ताईंच्या नावावर घेतला, कारण खरेदीदार फक्त स्त्री असेल तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या मुद्रांकात एक टक्का सूट आहे. पुण्यात सातऐवजी सहा टक्के, म्हणजे ६ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर ही सूट गेली असती. हे एजंटाने बरोबर सांगितलं होतं. एजंट मुद्रांकात पक्के असतात, कारण तिथे गिऱ्हाइकाचे पैसे वाचलेले दिसतात.

परकीय चलनाच्या बाजूने काही अडचण नव्हती. ओसीआय कार्डधारकाला भारतात राहतं घर किंवा दुकान-ऑफिस घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. पैसा बँकेतून आला पाहिजे, एवढंच. शेतजमीन, मळा आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. सरांनी मध्येच विचारलं, की मुळशीकडे वीस गुंठे स्वस्तात मिळताहेत, तेही सुनेच्या नावावर घेता येतील का. म्हटलं, सर, सातबाऱ्यावर तिचं नाव वारशाने येऊ शकतं, खरेदीने नाही. ते लगेच वहीत लिहून घेतलं.

मुखत्यारपत्राचंही ठीक होतं. तिकडे नोटरीपुढे सही करून ॲपोस्टिल केलेलं (म्हणजे परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का घेतलेलं), आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत पाचशे रुपयांचा मुद्रांक भरलेला. जवळच्या नात्यात, मोबदल्याशिवाय दिलेल्या मुखत्यारपत्राला तेवढाच लागतो.

आता टॅक्स "भरल्याची" कागदं. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीची मालमत्ता घेताना घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का कापून सरकारकडे भरायचा, हे कलम १९४-आयए. त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा नंबर, लागत नाही, पॅनवर काम होतं. २६क्यूबी नावाचा चलन-कम-विवरण फॉर्म आहे, आणि ज्या महिन्यात कर कापला तो संपल्यापासून तीस दिवसांत तो भरायचा. व्यवहार १८ नोव्हेंबरचा, म्हणजे मुदत ३० डिसेंबर. सरांनी ५ डिसेंबरलाच दोन फॉर्म भरले होते, प्रत्येक भावाचा वेगळा, प्रत्येकी ५५ हजार. कर कापल्याची १६बी प्रमाणपत्रंही काढून दिलेली. इतकं नेटकं काम मी कित्येक व्यावसायिकांचं पाहिलेलं नाही.

पण १९४-आयए लागतं ते विकणारा निवासी असेल तर. कायद्यात तो शब्दच आहे. विकणारा अनिवासी असेल तर हे कलम बाजूला राहतं आणि कलम १९५ येतं. ते पन्नास लाखांची खालची मर्यादा बघत नाही, एक टक्का बघत नाही, आणि त्याला टॅन लागतो.

करारनाम्यात दोन्ही भावांचा पत्ता एकच, कोथरूडचा, तोच फ्लॅट. दोघांचं आधार, दोघांचं पॅन. वरवर बघता दोघंही पुणेकर. मी धाकट्याच्या नावापुढचा मोबाइल नंबर बघितला. सुरुवात अधिक ६१. ऑस्ट्रेलियाचा कोड.

"सर, हे धाकटे राहतात कुठे?"

सरांनी बॅगेतून डायरी काढली. ते रोजनिशी लिहितात, चाळीस वर्षांची सवय. पान १२ नोव्हेंबर: "धाकटे बंधू मेलबर्नहून आले. चहा. सोबत तिकडची चॉकलेटं." पान ५ डिसेंबर: "दोन्ही चलनं भरली. धाकटे आज रात्रीच्या विमानाने परत." शाळेच्या हजेरीपटासारखं स्वच्छ अक्षर. मी काही बोललो नाही, सरांनीच चष्मा काढून टेबलावर ठेवला.

आयकरात माणूस कुठला हे त्याच्या पत्त्यावरून किंवा आधारवरून ठरत नाही. वर्षात भारतात किती दिवस होता, यावरून ठरतं. धाकट्यांचा पासपोर्ट भारताचाच, तिकडे कायम वास्तव्याचा परवाना, आणि त्या आर्थिक वर्षात इथे एकूण २४ दिवस. शंकेला जागाच नाही, अनिवासी. आणि घेणाऱ्या ताई स्वतः अनिवासी आहेत म्हणून १९५ सुटत नाही. पैसे देणारा निवासी असो की अनिवासी, अनिवासी माणसाला भारतात करपात्र रक्कम देताना कापायचंच.

(एक आडवळण, कारण हा प्रश्न सारखा येतो. हाच भाऊ मेलबर्नऐवजी दुबईत असता तर हिशेब आणखी वाकडा झाला असता. भारतीय नागरिक, भारतातलं एकूण उत्पन्न पंधरा लाखांच्या वर, आणि इतर कुठल्याच देशात रहिवासाच्या नात्याने कर लागत नाही, अशा माणसाला कलम ६(१अ) भारताचा निवासी मानतं. म्हणजे कदाचित एक टक्काच बरोबर ठरला असता. तिथे वाद घालायला भरपूर जागा आहे. दुबईचा विक्रेता समोर आला की मी आधी लेखी कागद मागतो.)

तर किती कापायला हवं होतं? २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के. रक्कम पन्नास लाखांच्या वर, म्हणून त्या करावर दहा टक्के अधिभार, वर चार टक्के उपकर. एकूण १४.३ टक्के. ५५ लाखांवर ७ लाख ८६ हजार ५००. कापले ५५ हजार. कमी पडले ७ लाख ३१ हजार ५००.

सर म्हणाले, "पण नफा ५५ लाख नाहीच ना? त्यांच्या वडिलांनी घेतला तेव्हा काहीतरी दिलेच असतील." अगदी बरोबर. कलम १९५ सुद्धा "करपात्र रक्कम" म्हणतं, आणि २०१० मध्ये जीई इंडिया टेक्नॉलॉजीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं आहे. मेख अशी, की नफा किती हे घेणाऱ्याने मनाने ठरवायचं नाही. विकणाऱ्याने आयकर अधिकाऱ्याकडे फॉर्म १३ भरून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणायचं, त्यात जो दर लिहिलेला असेल तो कापायचा. प्रमाणपत्र नसेल तर सावध घेणारा पूर्ण रकमेवर कापतो. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, आणि विकणारा तीन आठवड्यांच्या सुटीवर आलेला असतो. म्हणून एजंट म्हणतो, "अहो साहेब, सगळे एक टक्काच कापतात." हे वाक्य सरांच्या डायरीतही होतं, अवतरणचिन्हांत.

मग आता? कर कापायची जबाबदारी असलेल्याने तो कापला नाही तर कलम २०१ त्याला कसूरदार मानतं. न कापलेला कर त्याच्याकडून वसूल, वर दरमहा एक टक्का व्याज. म्हणजे फ्लॅट घेणाऱ्या ताई दुसऱ्याच्या करासाठी सात लाख एकतीस हजार देणं लागणार. आणि वसुलीसाठी खात्याला मेलबर्नला जायची गरज नाही. कोथरूडचा फ्लॅट जागेवरच आहे.

खात्याची नोटीस अजून आलेली नव्हती. चूक उघडकीला आली ती वेगळ्याच दारातून. धाकट्यांना आपले पैसे ऑस्ट्रेलियाला न्यायचे होते. बँकेने १५सीए-१५सीबी, म्हणजे परदेशी पैसे पाठवतानाचं करासंबंधीचं निवेदन आणि सीएचा दाखला, मागितलं. १५सीबी देणाऱ्या सीएने विचारलं, कर कापल्याचा पुरावा दाखवा. १६बी बघितल्यावर त्याने कपाळावर हात मारला असणार, मग सरांना फोन केला. हा सीए भला निघाला म्हणून हे प्रकरण इथे लिहिण्यासारखं झालं.

कलम २०१ मध्येच एक वाट आहे. पैसे घेणाऱ्याने आपलं विवरणपत्र भरलं, त्यात हे उत्पन्न दाखवलं, त्यावरचा कर भरला, आणि सीएने तसं फॉर्म २६ए मध्ये प्रमाणित केलं, तर कापणारा कसूरदार ठरत नाही. आधी ही सोय फक्त निवासी विक्रेत्यांपुरती होती, १ सप्टेंबर २०१९ पासून अनिवासींनाही लागू झाली. व्याज मात्र सुटत नाही. कापायला हवं होतं त्या दिवसापासून विकणाऱ्याने विवरणपत्र भरेपर्यंत, दरमहा एक टक्का.

म्हणजे सगळं धाकट्यांच्या हातात. मी आणि त्यांचा सीए, दोघं फोनवर बसलो. वडिलांनी फ्लॅट २००१ च्या आधी घेतलेला, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरायची. मूल्यांककाचा अहवाल आठ लाखांचा. निम्मा हिस्सा चार लाख. नफा ५१ लाख. (थोरल्यांना इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदीची किंमत, लावून वीस टक्के की न लावता साडेबारा, असा पर्याय होता. ही निवड फक्त निवासींना. सख्खे भाऊ, एकच फ्लॅट, एकच तारीख आणि दोन वेगळे हिशेब.) विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत कलम ५४ईसी च्या करबचतीच्या बाँडमध्ये पन्नास लाखांपर्यंत गुंतवता येतात. मुदत १८ मे २०२५. त्यांनी मार्चमध्ये पन्नास लाख आरईसी या सरकारी कंपनीच्या अशा बाँडमध्ये घातले, पाच वर्षं अडकवून. उरला एक लाख नफा. त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून कर तेरा हजार.

तेरा हजार. आणि कापलेले ५५ हजार आधीच त्यांच्या नावावर जमा. म्हणजे ज्याचा कर कमी कापला म्हणून ताईंच्या डोक्यावर सव्वासात लाखांची टांगती तलवार, त्याला उलट बेचाळीस हजार परतावा. सरांनी हा हिशेब तीनदा करून बघितला. गणिताचे शिक्षक होते ते. "हे बरोबर आहे, पण पटत नाही," एवढंच म्हणाले.

घाई करून लवकर विवरणपत्र भरायचं ठरलं, म्हणजे व्याज थांबेल. पण त्या वर्षी फॉर्ममध्ये बदल झाले होते आणि विवरणपत्राचा आयटीआर-२ हा फॉर्म भरायची सोय पोर्टलवर जुलैतच उघडली. सरकारने मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली म्हणून बाकी सगळे खूश होते. आमचं मीटर दर महिन्याला सात हजारांच्या वर चालू. २९ जुलैला धाकट्यांचं विवरणपत्र गेलं. १८ नोव्हेंबर ते २९ जुलै, अपुरा महिना पूर्ण धरून नऊ महिने, नऊ टक्के, ६५ हजार ८३५ रुपये. निव्वळ व्याज. नफ्यापुरतीच कपात करायची होती असं म्हणून भांडता आलं असतं, मुद्दा पोकळ नाही. पण पासष्ट हजारांसाठी अपिलात जायचं आणि एडिसनहून पाठपुरावा करायचा, याला ताईंनीच नाही म्हटलं. व्याज भरायला आणि २६ए ची विनंती टाकायला ट्रेसेसवर (आयकर खात्याच्या करकपातीच्या पोर्टलवर) नोंदणी हवी, तिला टॅन हवा. जो टॅन खरेदीच्या आधी फुकटासारख्या फीत निघाला असता, तो नऊ महिन्यांनी काढला.

इथवर हे विकणाऱ्याचं पुराण झालं. पण फाइल ताईंची होती, आणि त्यांनी व्हिडिओ कॉलवर पहिलंच वाक्य टाकलं, "काका, माझं इंडियात काहीच इन्कम नाही, मग मी रिटर्न कशाला भरू?"

घर विकत घेतलं म्हणून विवरणपत्र भरावं लागतं असा नियम नाही, हे खरं. पण घर घ्यायला पैसे आणावे लागतात, आणि त्या येण्यात नियम लपलेला आहे. २१ एप्रिल २०२२ पासून नियम १२एबी आहे. वर्षभरात तुमच्या बचत खात्यांत मिळून पन्नास लाख किंवा जास्त जमा झाले, तर उत्पन्न कितीही कमी असो, विवरणपत्र भरायचं. ताईंच्या एनआरई बचत खात्यात एक कोटी वीस लाख आले होते. तेच पुरे होतं. शिवाय त्याच नियमात दुसरं कलम आहे. वर्षभरात तुमच्या नावावर २५ हजार किंवा जास्त टीडीएस कापला गेला, तरी भरायचं. ताईंची आई २०२१ मध्ये गेली तेव्हा वीस लाखांची ठेव त्यांच्याकडे आली, ती एनआरओ खात्यात (अनिवासींचं, भारतातल्या पैशांसाठीचं खातं). व्याज एक लाख चाळीस हजार. बँक अनिवासीच्या व्याजावर सरसकट ३१.२ टक्के कापते, म्हणजे ४३ हजार ६८०. "इन्कम नाही" म्हणणाऱ्या ताईंचा पगारदारासारखा टीडीएस दर वर्षी जात होता. व्याज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत, म्हणून प्रत्यक्ष कर शून्य. पैसे परत मागायला कोणी गेलंच नव्हतं.

तिसरं कारण कायद्याचं नाही, शहाणपणाचं. तीस लाख किंवा जास्त किमतीच्या प्रत्येक दस्ताची माहिती दुय्यम निबंधकाकडून आयकर खात्याला जाते आणि तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात उमटते. आम्ही पोर्टल उघडलं तेव्हा एक कोटी दहा लाखांची खरेदी तिथे बसलेलीच होती, आणि शेजारी विवरणपत्रांची यादी रिकामी. पैसा कुठून आला याचं उत्तर न मिळाल्यास त्याला स्पष्टीकरण नसलेली गुंतवणूक ठरवून कर, अधिभार, उपकर धरून ७८ टक्के लावण्याची तरतूद त्या वर्षी होती. ताईंचं उत्तर सोपं होतं. अमेरिकेतला पगार, तिकडे कमावलेला, अनिवासीला त्यावर भारतात कर नाही. फक्त ते कागदावर लागतं. बँकेचे रेमिटन्सचे दाखले, एनआरईचा खातेउतारा, तिकडचे पगाराचे दाखले, म्हणजे डब्ल्यू-२. सरांच्या फाइलीत याला नवी पिवळी चिठ्ठी लागली.

विवरणपत्र आयटीआर-२, कारण आयटीआर-१ अनिवासींना चालत नाही. घर स्वतःच्या वापरात, सर अधूनमधून जाऊन पंखे चालू करून येतात, भाडं नाही, म्हणून घराचं उत्पन्न शून्य. ऑगस्टमध्ये भरलं. परतावा अडकला.

कारण पॅन. कॉलेजात असताना काढलेलं, नोंदीत ताई अजून भारतीय आणि निवासी. आधार नाही, म्हणून जोडणी नाही, म्हणून जून २०२३ नंतर पॅन निष्क्रिय. अनिवासींना आणि परदेशी नागरिकांना आधार जोडण्यातून सूट आहे, पण तुम्ही अनिवासी आहात हे खात्याला माहीत हवं ना. निष्क्रिय पॅनवर परतावा निघत नाही. पोर्टलवर निवासी दर्जा बदलला, आपल्या अधिकाराच्या आयकर अधिकाऱ्याला पासपोर्ट आणि ओसीआयच्या प्रतींसह पत्र दिलं, पॅनमधलं नागरिकत्व दुरुस्त केलं. दोन महिने गेले. पैसे एनआरओ खात्यात आले तेव्हा सरांनी मला पेढे आणले.

आणि अमेरिका? ताईंचा प्रश्न होता, "मी तिकडे फ्लॅट दाखवायचा का?" बहुतेक जण हाच विचारतात आणि नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा नसतो. स्वतःच्या नावावरचं परदेशातलं घर तिथल्या फॉर्म ८९३८ वर (परदेशी आर्थिक मालमत्तेचा फॉर्म) दाखवावं लागत नाही. दाखवावी लागतात ती खाती, ज्यांतून घराचे पैसे गेले. सगळ्या परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक क्षण जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा. त्यात कर नाही, नुसती माहिती. खरेदीच्या आठवड्यात ताईंच्या खात्यांत एक कोटी चाळीस लाख होते, म्हणजे एक लाख साठ हजार डॉलरच्या वर. नवरा-बायको एकत्र विवरणपत्र भरतात त्यांना ८९३८ ची मर्यादा वर्षअखेर एक लाख किंवा वर्षात केव्हाही दीड लाख डॉलर. म्हणजे तोही लागला, केवळ त्या एका आठवड्यामुळे. ३१ डिसेंबरला खातं जवळपास रिकामं होतं.

२०२४ चं निभावलं, तिकडचं विवरणपत्र एप्रिलमध्ये जायचं होतं. दुखणं मागचं होतं. आईची ठेव २०२१ पासून, दर वर्षी दहा हजार डॉलरच्या वर, आणि तिकडच्या कर सल्लागाराच्या प्रश्नावलीत "परदेशी खातं आहे का" यापुढे दर वर्षी "नाही". मुद्दाम नाही. आईचे पैसे आपले वाटत नव्हते, असं ताई म्हणाल्या, आणि माझा त्यावर विश्वास बसला. भारतात करमुक्त असलेलं एनआरईचं व्याजही अमेरिकेत करपात्र आहे, हेही त्यांना तेव्हाच कळलं. तिकडच्या सीपीएने, म्हणजे अमेरिकेतल्या सीएने, नकळत राहून गेलेल्यांसाठीची स्ट्रीमलाइन्ड योजना सुचवली. तीन वर्षांची सुधारित विवरणपत्रं, सहा वर्षांच्या कक्षेतले एफबार, चूक हेतुपुरस्सर नव्हती असं प्रतिज्ञापत्र, आणि सर्वांत मोठ्या वर्षअखेर शिलकीच्या पाच टक्के दंड, जो तेराशे डॉलरच्या आसपास आला. इथे एक गोष्ट मी सीपीएला मुद्दाम कळवली. भारतात कापलेला टीडीएस तिकडच्या करातून वजा मागू नका. जो कर परत मागता येतो, तो अमेरिका भरलेला कर मानत नाही. आणि न्यू जर्सी राज्य तर परदेशी कराची वजावट देतच नाही.

मागच्या तीन वर्षांचा इथला टीडीएस मिळून लाखाच्या वर होतो. त्या विवरणपत्रांची मुदत गेली, पण कलम ११९ खाली उशीर माफ करून परतावा मागता येतो, आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. अर्ज केला आहे. उत्तर यायचं आहे.

मधल्या काळात सोसायटीतला एक आयटीतला मुलगा फ्लॅट भाड्याने मागतोय. महिना पस्तीस हजार. एजंट तोच. म्हणतो, भाडं सरांच्या खात्यात घ्या, म्हणजे टीडीएसची कटकट नको. मालकीण अनिवासी, म्हणजे भाडेकरूने दरमहा ३१.२ टक्के कापायचे, टॅन काढायचा, तिमाही टीडीएस विवरण भरायचं, आणि ताईंनी वर्षअखेर तीस टक्के प्रमाणित वजावट घेऊन परतावा मागायचा. तिकडे हेच भाडं वेगळ्या तक्त्यात, तीस वर्षांच्या घसाऱ्यासकट. हे ऐकून कुठला भाडेकरू थांबेल? सरांच्या खात्यात भाडं घेतलं तरी मालकीण ताईच, कर त्यांच्याच नावाने.

सरांनी एजंटाचं वाक्य पुन्हा अवतरणचिन्हांत उतरवून घेतलंय. खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्यात, माझ्या उत्तरासाठी. त्या मुलाला मी शनिवारी बोलावलंय, बघू तो टॅन काढायला तयार होतो का.